वाचन शिकवण्यात पदव्युत्तर शिक्षण: नोकरी सांभाळून जमेल का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत तिसरीला शिकवते. बी.ए., डी.एड. झालंय. वर्गात 14 मुलं, त्यातली 5 अजून अडखळतात. ‘किती’ वाचताना ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र नंतर, तिथंच बोट थांबतं. वर मुलांना कन्नडही शिकायचं. तिथलं ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन, खाली लागतं, आपलं अर्धं अक्षर बहुधा आधी येतं. मला हे नीट शिकायचंय, नुसती बढती नकोय. एम.एड. करू का?

निपाणीकर सर: बाई, 2014च्या नियमांप्रमाणे एम.एड. 2 वर्षांचं, पूर्णवेळ. पदवी आणि डी.एड. दोन्हीत 50 टक्के असतील तर बी.एड.शिवायही प्रवेशाला पात्र ठरता. पण रजेचं आधी बघा. मला मिळाली नाही, त्याचं दुःख अजून आहे.

बेळगावची ताई: मी इग्नूचं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं) एम.ए. शिक्षणशास्त्र दूरस्थ केलं. किमान 2 वर्षं, कमाल 4. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. वाचनावर त्यात थोडंच आहे, म्हणून प्रकल्पासाठी माझ्याच वर्गाचं वाचन घेतलं. रोज एका मुलाजवळ बसून, कुठं अडलं ते वहीत टिपलं. खरं शिक्षण त्या वहीनं दिलं. फलटणची प्रगत शिक्षण संस्था नक्की बघून या, मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनावर तिथं आयुष्य घातलंय.

खानापूरची बाई: ताई, वही उद्यापासूनच सुरू करते. प्रकल्पाचा आराखडा दाखवाल का?