वू झीशू तोंडाळ होता म्हणे! (प्रतिसाद लांबला, म्हणून वेगळा धागा)

लेखणीबंद:
परवा 'वास्तववादी' यांनी ठोकून दिलं की प्राचीन चीनमधल्या वू राज्याचा मंत्री वू झीशू स्वतःच्या तोंडाळपणाने मेला. राजाला गोडीगुलाबीने घेतलं असतं तर तोही वाचला असता आणि वू राज्यही. वाचून डोकं फिरलं, रात्री नीट जेवलोही नाही.

अहो, त्याने वावगं काय सांगितलं? इ.स.पू. ४९४ मध्ये शेजारच्या युए राज्याचा राजा गौज्यान पाच हजार माणसांनिशी कुआईजीच्या डोंगरावर कोंडला गेला होता. नरडं हातात होतं. हा म्हणाला, आत्ताच संपवा. वूचाच दुसरा मंत्री बो पी याने युएचे नजराणे खाल्ले आणि वूचा राजा फूचाय याने तह केला. पुढे फूचायला उत्तरेला छी राज्यावर स्वारीची हुक्की आली. तेव्हाही हाच म्हणाला, छी म्हणजे अंगावरची खरूज, युए म्हणजे पोटातला रोग. छी जिंकलं तरी ते खडकाळ रान, त्यात पिकणार काय? बक्षीस म्हणून ४८४ मध्ये राजाने तलवार पाठवली, घे आणि मर. मरताना म्हणाला, माझे डोळे काढून पूर्वेच्या वेशीवर टांगा, युएचं सैन्य आत येताना बघायचंय. ४७३ मध्ये वू बुडालं.

मी तेहेतीस वर्षं हिशेब तपासले. एका पतसंस्थेत तारणाच्या सोन्याची पाकिटं फोडून बघायचा हट्ट धरला. चेअरमननी आधी चहा मागवला, मग वडापाव, मग म्हणाले, "साहेब, लाखेचं सील आहे, विश्वास ठेवा." फोडलं तर आत पितळी बांगड्या, वर कापूस. दीड महिन्यात माझी बदली. तिथेही सगळे हेच म्हणाले, जरा गोड बोलला असतात तर!

वास्तववादी:
तुमच्या बदलीचं वाईट वाटलं, पण तुम्ही वू झीशू नाही आणि तो चेअरमन फूचाय नाही. सोयीचं तेवढं सांगितलंत. ज्या स्वारीला हा आडवा आला, ती फूचाय जिंकला. आयलिंगला छीच्या सैन्याचा धुव्वा उडाला. राजा विजय घेऊन घरी आलाय आणि एक म्हातारा सुतकी तोंड करून बसलाय. कोण ऐकेल?

शिवाय हा सल्ला देणार संयमाचा! हा मूळचा छू राज्याचा; तिथल्या ज्या पिंग राजाने याचे बाप आणि भाऊ मारले, तो मरून दहा वर्षं झाली होती. ५०६ मध्ये छूची राजधानी यिंग हाती आल्यावर याने त्याचं प्रेत उकरून तीनशे फटके मारले. आणि सर्वांत मोठी गोष्ट तुम्ही गिळलीत. छीकडे दूत म्हणून गेला असताना हा स्वतःच्या मुलाला तिथेच, पाओ नावाच्या सरदार घराण्याकडे, ठेवून आला. ज्याच्याशी आपला राजा लढणार, त्याच्या घरात मुलगा! याला निष्ठा म्हणायची?

हडप्पा:
प्रेताला फटके हे इतिहासकार सिमा छ्येनने लिहिलं, घटनेनंतर चारशे वर्षांनी. काही जुन्या ग्रंथांत फटके थडग्याला आहेत, आणि 'त्सो-च्वान' या त्याच्याही आधीच्या बखरीत थडगंही नाही, प्रेतही नाही. सिमा छ्येनला स्वतःला एका सेनापतीची बाजू दरबारात घेतल्याबद्दल खच्चीकरणाची शिक्षा झाली होती. असा माणूस वू झीशूबद्दल हात राखून लिहील? फटके मोजून तीनशे देईलच.

वास्तववादी:
म्हणजे आवडेल ते सिमा छ्येनचं, न आवडेल ते दंतकथा. छान.

कोथरूडचा काका:
बाकी तुमचं चालू द्या. "मुलगा परक्या राज्यात ठेवला म्हणजे निष्ठा नाही", हे वाक्य मला खटकलंय. वास्तववादी, तुम्हाला मुलं आहेत का?

वास्तववादी:
काका, इ.स.पू. पाचव्या शतकाबद्दल बोलतोय.

कोथरूडचा काका:
मी आत्ताबद्दल बोलतोय. माझा मुलगा टोरांटोला आहे. गेली अकरा वर्षं लग्नात, मुंजीत, अगदी सोसायटीच्या लिफ्टमध्येसुद्धा हेच ऐकतो. "मुलगा तिकडे धाडून इथे देशभक्ती सांगता?" मी धाडला नाही, तो गेला. रविवारी सकाळी साडेआठला कॉल येतो. नातीला 'पोळी' म्हणता येत नाही, 'पोली' म्हणते. दर रविवारी दहा वेळा म्हणून घेतो, अकराव्यांदा ती आयपॅड उलटा करते आणि मला छत दिसतं.

वू झीशू मुलाला काय म्हणाला ते तरी वाचलंत का? "मी राजाला पुन्हापुन्हा सांगितलं, तो ऐकत नाही. वू बुडताना मला दिसतंय. तू वूबरोबर मरून काही उपयोग नाही." यात निष्ठेचा प्रश्न आलाच कुठे? स्वतः मात्र परत आला ना? मरायला परत आला!

खवचट मांजर:
काका, टोरांटोवर स्वारीचा बेत असेल तर मात्र वास्तववादींचा मुद्दा बरोबर. (आणि राज्याचं नावच 'छी'. मुलगा कुठे असतो विचारलं की बापाने काय सांगायचं?)

कोथरूडचा काका:
ताई, तुमची चेष्टा होते, आमचा जीव जातो.

वास्तववादी:
काका, तुमच्या मुलावर मी एक अक्षर बोललो नाही, उगाच अंगावर ओढून घेताय. मुद्दा साधा आहे. सेनापतीचं पोर शत्रूकडे असेल आणि सेनापती म्हणत असेल "शत्रूवर जाऊ नका", तर राजाला शंका येणारच. बो पीने ती फक्त बोलून दाखवली. चुगली होती, पण पुरावा याने स्वतःच्या हाताने दिला. असली माणसं मी घरात पाहिली आहेत. माझे आजोबा सगळ्यांना तोंडावर खरं सांगायचे. बारा दिवसांच्या कार्याला सख्खे दोन भाऊ आले नाहीत. खरं बोलण्याचं कौतुक ज्यांच्या घरात असं माणूस नसतं, त्यांनाच.

लेखणीबंद:
आजोबांचं ऐकून गप्प झालो होतो. पण गोड बोलणाऱ्यांचं तिकडे काय झालं तेही सांगा ना. गौज्यानचा मंत्री वन चुंग, युए ज्याच्या अकलेवर तगलं, तो कुणाच्या अंगावर ओरडणारा नव्हता. विजयानंतर गौज्यानने त्यालाही तलवारच पाठवली. वर निरोप, "तू मला सात युक्त्या शिकवल्यास, मी तीन वापरल्या, चार तुझ्याकडे उरल्यात. वर जाऊन त्या माझ्या वडिलांसाठी वापर." तिथला शहाणा एकच, गौज्यानचा दुसरा मंत्री फान ली. त्याने आधीच गाशा गुंडाळला होता. बोला, आता चूक कुणाच्या जिभेची?

हडप्पा:
आणि बो पी. सिमा छ्येन म्हणतो, गौज्यानने त्याला मारलं. पण 'त्सो-च्वान'मध्ये वू बुडाल्यावर दोन वर्षांनी हे गृहस्थ युएच्या दरबारात जिवंत आहेत, आणि लू राज्याचे लोक काम करून घ्यायला त्यांच्याच हाती लाच देताहेत.

लेखणीबंद:
आमचा चेअरमन! हुबेहूब! संस्था बुडाली आणि वर्षभरात शेजारच्या संस्थेत 'मार्गदर्शक' म्हणून बसला. पाटी पितळेची, हे विशेष.

वास्तववादी:
वन चुंगचा मुद्दा मान्य. नाइलाजाने. पण गोड बोलणं म्हणजे मवाळ असणं नव्हे. वू झीशूचाच जुना मित्र शन पाओश्यू. वूच्या त्याच स्वारीतून छू वाचवायला छिन राज्याच्या दरबारात सात दिवस सात रात्री भिंतीला टेकून रडला आणि सैन्य घेऊन आला. बोलायचीही तऱ्हा असते.

खवचट मांजर:
सात दिवस अन्नपाण्यावाचून दुसऱ्याच्या दारात रडत उभं राहणं ही तऱ्हा? आमच्याकडे याला हट्ट म्हणतात. तो चालतो, कारण त्यात राजाचा मान राहतो.

कोथरूडचा काका:
मुलाचं राहिलंच. राजाला शंका आली, बरं. पण वू बुडालं तेव्हा वू झीशूचं घराणं कुठे तरी शिल्लक होतं, ते त्या पाओंमुळेच ना? एवढं तरी कबूल करा.

वास्तववादी:
काका, केलं कबूल. मुलगा ठेवला ते बापाचं काम, राजाला न सांगता ठेवला ती मंत्र्याची चूक. याच्या पलीकडे मी एक पाऊल जाणार नाही. फूचायने मरताना कापडाने तोंड झाकून घेतलं होतं, वर वू झीशूला कुठल्या तोंडाने भेटू म्हणून. मीही आता झाकतो, पण चादरीने. उद्या सकाळी सातला पाणी येतं.