आवड नसलेलं काम नीट केलंय का कुणी?

काल ऑफिसात नवीन लागलेल्या मुलीने विचारलं, "ताई, तुम्हाला आकड्यांची खूप आवड असणार ना?" हो म्हणवेना. २६ वर्षं हिशेब लिहितेय, आवड कधीच नव्हती. पण पहिल्या वर्षीची एक रात्र आठवली. ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमेच्या बेरजा, जुळेना, ५४० चा फरक. हेडक्लार्क काका निघाले होते, ते परत फिरले. म्हणाले, "९ ने भाग जातो का बघ. जात असेल तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालीय." ५१७० च्या जागी मी ५७१० लिहिलं होतं. काकांना खरं तर गाणं शिकायचं होतं. तरी त्यांच्या वहीत खाडाखोड नसायची. मी त्यांचीच सवय उचलली, बाकी काही नाही. तुमचं कसं?

----

वॉर्डात नर्स आहे. घरची गरज म्हणून आले. रात्री तीनला डोळे मिटायला लागतात, तरी सलाईनचे थेंब घड्याळ लावून मोजते. आमच्या सेटला २० थेंब म्हणजे १ मिली. आवड आहे का, हा प्रश्न तेव्हा मनातही येत नाही. ड्युटीला निघतेय, बाकी नंतर.

----

माझं उलट झालं. चित्रकला जीव की प्राण, म्हणून डिझाइनमध्ये शिरले. आता घरी ब्रश हातात धरवत नाही. १९७३ चा तो लहान मुलांवरचा प्रयोग वाचलाय का? चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांना आधी बक्षीस कबूल केलं, तर नंतर ती आपणहून कमी काढायला लागली. वाचून गलबलून आलं.

----

अगं, ब्रश टाकू नकोस. कुणाला दाखवायचं नाही असं एखादं चित्र काढ.

ताई, फरकाची निम्मी रक्कमही शोधायची. नावेची नोंद जमेला पडली की फरक बरोब्बर दुप्पट येतो.

----

आवड नसली तरी काम नीट होतं, हे मला नाही पटत. आठवीला गणित शिकवतो. पहिली तीन वर्षं पोर्शन वेळेत, वह्या तपासलेल्या, सगळं चोख. एकाने विचारलं, "सर, ऋण गुणिले ऋण धन का?" म्हटलं, नियम आहे, पाठ कर. त्याचा पडलेला चेहरा अजून दिसतो. त्या रात्री उत्तर शोधत बसलो, तिथून गोडी लागली. ती लागली नसती तर मी चोख पण वाईट शिक्षक राहिलो असतो.

----

सर, मग का असतं ते? माझी लेकही हेच विचारते. कपडे वाळत घालता घालता लिहितेय, सोपं करून सांगा.

----

२ आणि −२ ची बेरीज ०, म्हणून −३ ने गुणलं तरी ० च. −३ गुणिले २ म्हणजे −६. मग ० व्हायला उरलेला −३ गुणिले −२ किती हवा? तिलाच विचारा, सांगू नका.

----

"+६!" म्हणून ओरडली. आता वही घेऊन बसलीय.