रांगतं लेकरू आणि शटर स्पीड

लेकराचे फोटो हलतात म्हणून नवा कॅमेरा घ्यावा का, असं एका ताईंनी विचारलंय. ताई, इतक्यात घेऊ नका. माझी लेक दीड वर्षाची असताना मलाही असंच वाटायचं. पण खोट कॅमेऱ्यात नव्हती. घरात उजेड कमी असला की ऑटो मोडवर शटर, म्हणजे कॅमेऱ्यातला उघडझाप करणारा पडदा, १/३० सेकंदापर्यंत उतरतं, म्हणजे जास्त वेळ उघडं राहतं, मग पळतं लेकरू पुसट येणारच. शटर प्रायॉरिटीवर, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवतो त्या मोडवर, १/५०० ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १६०० पर्यंत जाऊ द्या. त्यानं फोटोत थोडे दाणे दिसले तरी चालतात, हललेले डोळे नाही चालत.

आमच्या परभणीत एप्रिलमध्ये नऊनंतरचं ऊन डोळ्यांखाली काळ्या सावल्या पाडतं. म्हणून मी लेकीला उंबऱ्याच्या आत बसवते, तोंड दाराकडं. अंगणातून परतून येणारा उजेड इतका मऊ असतो की फ्लॅश लागतच नाही. आणि स्वतः जमिनीवर पालथं पडा, अगदी तिच्या डोळ्यांच्या उंचीवर! उभ्यानं काढलं की डोकं मोठं अन् पाय इवले दिसतात.

वेळ मिळतो तो आंघोळीनंतरची दहा मिनिटं, तेवढाच. ज्वारीच्या पिठात हात घालून बसलेली असतानाचा तिचा फोटो मी छापून आणला, सासूबाईंनी तो देव्हाऱ्याशेजारी लावलाय.