कर्नाटकातून आलेल्या तृतीयपंथीयांनी सांगलीत पुन्हा लिंगाची नोंद करायची? कशासाठी?

विश्रामबाग_सेवाकेंद्र

काल 'कृष्णाकाठचा' यांनी लिहिलं की कर्नाटकातून येऊन मिरज-सांगलीत राहणाऱ्या तृतीयपंथीयांनी तिकडचं ओळखपत्र इथं चालवू नये, इथल्या कलेक्टरकडून लिंगाची नव्यानं नोंद करून घ्यावी, आणि तोवर आधार व मतदार यादीत त्यांचा पत्ता बदलू नये. खाली अंगठ्यांची रांग लागली. लोकांचे फॉर्म भरून देणं हाच माझा धंदा, त्यामुळं हे वाचून गप्प बसवेना.

2019 चा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा संसदेनं केलाय. त्याच्या कलम 6 खाली जिल्हाधिकारी प्रमाणपत्र देतात. बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांनी दिलं काय आणि सांगलीच्या दिलं काय, कायदा एकच. 2020 च्या नियमांत म्हटलंय की अर्जदार त्या जिल्ह्यात सलग 12 महिने राहत असावा. ही अट अर्जाच्या दिवसाची आहे. पुढं जिल्हा सोडला म्हणून प्रमाणपत्र मोडीत निघत नाही.

आता तुमची मागणी नीट बघा. आज बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीहून मिरजेत आलेल्या माणसाला इथं अर्ज करायचा तर वर्षभर थांबावं लागणार. तोवर पत्ताही बदलायचा नाही. म्हणजे वर्षभर गॅस नाही, बँकेत नवा पत्ता नाही, भाडेकरार अडकलेला. हे वर्ष त्यानं काढायचं कसं? माझ्याकडं फाईल घेऊन येणाऱ्यांचे चेहरे मी रोज बघतो. फोटोतला माणूस वेगळा, नाव वेगळं, समोर उभा वेगळा, आणि मागच्या रांगेतले सगळे कान टवकारून. एकदा कायद्यानं मिटलेली गोष्ट राज्य बदललं म्हणून परत उकरायची नसते.

कृष्णाकाठचा

तुम्ही फॉर्मचे पैसे घेता म्हणून तुम्हाला पुळका. मी कुणाला हाकलून द्या म्हणालेलो नाही. उद्या महाराष्ट्रानं काही योजना काढली की सीमेपलीकडनं रांग लागणार, हे मला दिसतंय.

आणि नियम सगळ्यांना सारखा लावा. माझी सून चिक्कोडीची. तिच्या माहेरचा ओबीसी दाखला इथं नोकरीच्या आरक्षणाला धरत नाहीत. लेक दिली, सून आणली, पिढ्यान्‌पिढ्या हे चाललंय, तरी कागदावर ती परकी. तिनं किती हेलपाटे घातले ते मला माहीत. तिला नियम, आणि यांना मात्र सगळीकडं चालतंय?

मिरज_जंक्शन

काकांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. आमच्या शेजारच्या घरातही सुनेचं हेच झालंय. सीमाभागातल्या लग्नांचा विचार कुठलंच सरकार करत नाही.

विश्रामबाग_सेवाकेंद्र

सुनेवर अन्याय झालाय, कबूल. पण ओबीसीची यादी प्रत्येक राज्याची वेगळी असते, म्हणून तिथला दाखला इथं अडतो. माणूस स्त्री आहे, पुरुष आहे की तृतीयपंथी, याची राज्यवार यादी नसते. तुमची सून हद्दीवरचं म्हैसाळ ओलांडून आली तेव्हा तिची जात अडली, पण 'तू बाई आहेस याचा इथला दाखला आण' असं तिला कुणी म्हणालं का?

जतचा_गडी

म्हैसाळचं नाव काढलंच हाय तर ऐका. 2022 च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या तवाच्या मुख्यमंत्र्यांनी, बोम्मईंनी, जतची 40 गावं आमची म्हणून सांगितलं तवा सगळ्यांना जत आठवला. आमच्या गावांनी 2012 लाच ठराव केलावता, पाणी देणार नसाल तर आम्ही कर्नाटकात जातो म्हणून. धा वर्षं कुणी ढुंकून बघितलं न्हाई. शेवटी कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी तिकडनं सुटलं तवा हितल्या पुढाऱ्यांना जाग आली आन् विस्तारित म्हैसाळ पाणी योजनेची पळापळ सुरू झाली. जतच्या माणसाला कुठलं राज्य आपलं वाटतं हे आदी इचारा.

कृष्णाकाठचा

ठराव करून राज्याला धमकी द्यायची आणि वर पाणी मागायचं? 1956 पासून बेळगाव, निपाणी, कारवारची माणसं मराठीसाठी लाठ्या खातायत, आणि तुम्ही पाण्यासाठी निघाला तिकडं.

जतचा_गडी

लाठ्या खाणाऱ्यांचा मान हायच. पर तुमच्या दारात कृष्णा वाहती. उन्हाळ्यात टँकरच्या मागं घागर घेऊन पळा, मग अस्मिता शिकवा आमाला.

मिरज_जंक्शन

टँकरची टेंडरं कुणाच्या पाहुण्यांना मिळतात तेही लिहा की दादा.

जतचा_गडी

लिवतो. धागा वेगळा काढा, नावानिशी लिवतो.

सातारा_ते_ह्यूस्टन

पाण्यावरून मूळ विषयाकडं या. मी साताऱ्याचा, सध्या टेक्सासात. इथं गाडीचं लायसन्स राज्य देतं आणि तेच रोजचं ओळखपत्र. दुसऱ्या राज्यातून राहायला आलात की 90 दिवसांत टेक्सासचं घ्यावं लागतं. ऑगस्ट 2024 पासून टेक्सासनं लायसन्सवरचं लिंग बदलायला कोर्टाचा आदेश किंवा दुरुस्त केलेला जन्मदाखला घेणं बंद केलं. पासपोर्टवर 2022 पासून 'एक्स' असा पर्याय होता, तोही 20 जानेवारी 2025 च्या आदेशानं थांबवला. माझ्या ओळखीतल्या एकीनं चांगली नोकरी दुसऱ्या राज्यात मिळत असून सोडली, कारण तिथल्या काउंटरवर आपल्या कागदाचं काय होईल याची तिला खात्री नव्हती. आपल्याकडं आधार केंद्राचं, प्रमाणपत्राचा कायदा केंद्राचा. एवढी एक गोष्ट आपल्याकडं बरी आहे, तीही कशाला मोडायला निघालाय?

कृष्णाकाठचा

म्हणजे अमेरिकेलाही पडताळणी लागतेच. मग आम्ही मागितली तर मागासलेले का?

सातारा_ते_ह्यूस्टन

पडताळणी एकदा होते. ती झालेलीच आहे. तुम्ही दर राज्याला एकदा मागताय.

अथणीची_लेक

माझ्यावर एवढं चाललंय तर मीच बोलते. मी तृतीयपंथी, गाव अथणी तालुक्यात, आता मिरजेत एका दवाखान्यात कामाला आहे. मिरजेला सगळीकडनं माणसं उपचाराला येतात, तशी मी कामाला आले.

प्रमाणपत्र बेळगावचं आहे. त्यावर आधारवर 'तृतीयपंथी' करून घेतलं. नंतर ऑपरेशन झालं, कलम 7 खाली दुसरं प्रमाणपत्र मिळालं, त्यात 'स्त्री'. आधारवर लिंग एकदाच बदलता येतं. दुसऱ्यांदा बदलायचं तर प्रादेशिक कार्यालयाकडं दाद मागायची. ते मी केलं. आता काकांचं ऐकायचं तर सांगलीच्या कागदासाठी सगळं पहिल्यापासून.

इथं खोली बघायला गेले तेव्हा घरमालकानं माझे सगळे कागद चाळून 'हे कर्नाटकचं आहे, इथलं आणा' असंच सांगितलं. तुमचंच वाक्य, काका. त्यांच्या देव्हाऱ्यात यल्लमाचा फोटो होता. सौंदत्तीच्या पौर्णिमेला जाऊन येतो म्हणाले. दारात देवीचा जग डोक्यावर घेऊन आमच्यातला जोगता आला की त्याच्या परडीत जोगवा घालायचा, पाया पडायचं, पोरासाठी आशीर्वाद मागायचा, तेव्हा तो बेळगावचा की सांगलीचा हे कुणी विचारत नाही. तोच जोगता भाडं द्यायला तयार होऊन खोली मागतो तेव्हा मात्र कागदाला हद्द आठवते. मला पाया पडणारं कुणी नको. कुलूप-किल्ली हवी.

मिरज_जंक्शन

ताई, खोली मिळाली का?

अथणीची_लेक

मिळाली. दवाखान्यातल्या एका सिस्टरनं जामीन राहून दिली. पण करारावर तिचं नाव आहे, माझं नाही. म्हणून पत्त्याचा पुरावाही माझ्या नावावर नाही.

कृष्णाकाठचा

बाई, घरमालकाचं बिल माझ्यावर फाडू नका. मी घरमालक नाही. तुमची दोन्ही प्रमाणपत्रं खरी असतील. प्रत्येकाची खरी असतात असं नाही, आणि तपासायचं कुणी?

विश्रामबाग_सेवाकेंद्र

संशय आला तर देणाऱ्या कार्यालयाला विचारा, तपासायचा रस्ता तो आहे. 2020 च्या नियमांतच म्हटलं होतं की कलम 6 चा अर्ज शपथपत्रावर चालेल, वैद्यकीय तपासणी करायची नाही. दुसऱ्या राज्यातून आली म्हणून तिला पुन्हा शपथेवर उभं करणं म्हणजे पहिली शपथ खोटी धरणं. सुप्रीम कोर्टानं 15 एप्रिल 2014 ला नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, तो संविधानावर. संविधान म्हैसाळपर्यंत एक आणि पुढं दुसरं नाही. आणि ज्यांनी हा कायदा यायच्या आधीच कागदोपत्री बदल करून घेतला होता, त्यांना 2020 च्या नियमांनी नव्या अर्जातून सूट दिली. जुना कागदही मानायचा, हे धोरण नियम करणाऱ्यांनाच मान्य होतं.

कृष्णाकाठचा

बरं. पत्ता बदलून द्या, मतदार यादीत नाव घ्या, माझी हरकत नाही. वर्षभर गॅस नाही, हे मी म्हणालो नव्हतो, तुम्ही ताणलंत. पण राज्याच्या पैशाच्या योजनेला डोमिसाईल लागलंच पाहिजे. साधारणपणे महाराष्ट्रात 15 वर्षं राहिल्याशिवाय ते मिळत नाही, माझ्या सुनेलाही त्यावर सूट नको आणि यांनाही नको. यावरून मी हलणार नाही.

अथणीची_लेक

डोमिसाईलची अट ठेवा, सगळ्यांना लावा. मी योजना मागितलीच नव्हती. मी पगारावर जगते, दुकानात कर भरते. 'इथलं आणा' हे तुम्ही काल लिहिलं आणि त्याला अंगठे देणाऱ्यांत आमच्या दवाखान्यातली दोन माणसं आहेत. ती माझ्याशी रोज बोलतात. आज बोलली नाहीत.

जतचा_गडी

ताई, त्या दोघास्नी हा धागा पाठवा. पाण्याचं आमचं भांडण चालूच ऱ्हाईल, पर तुमच्या कागदाला कोण आडवं आलं तर जतची पोरं हायत.

विश्रामबाग_सेवाकेंद्र

ताई, आधी सिस्टरना सांगून करारात तुमचं नाव घाला आणि तो नोंदवून घ्या. मग आधारचा पत्ता. मतदार यादीसाठी फॉर्म 8, स्थलांतराचा रकाना. लिंगाच्या रकान्याला हात लावायचा नाही, तिथं काही बदललेलं नाही. कुठल्याही काउंटरवर नवं प्रमाणपत्र मागितलं तर कुठल्या नियमाखाली मागताय ते लेखी द्या म्हणा. लेखी दिलं तर तो कागद घेऊन माझ्याकडं या, त्याचा अर्ज मी लिहून देतो, पैसे न घेता.

कृष्णाकाठचा

माझ्या सुनेचीही फाईल बघणार का?

विश्रामबाग_सेवाकेंद्र

सोमवारी पाठवा. माहेरचा शाळा सोडल्याचा दाखला कन्नडमध्ये असेल तर भाषांतर करून आणायला सांगा.