शुगरची गोळी आतड्याच्या आजाराला चालेल का? ट्रायल तरी व्हायला पाहिजे की नको?

कृष्णाकाठ (सांगली):
माझ्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, मोठ्या आतड्याला आतनं जखमा, संडासातनं रक्त. विट्याहून मिरजेला दाखवायला यायचं म्हटलं की हा आदल्या रात्रीपासून जेवत नाही, एसटी मधेच थांबवायला लागली तर काय करायचं म्हणून. मेसालामाइन, म्हणजे आतड्याची सूज कमी करणारं औषध, चालूच आहे, आजार उसळला की स्टेरॉइड, मग तोंड सुजतं, शुगर चढते. त्याच्यापुढं बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे सूज आणणाऱ्या प्रतिकारशक्तीला आवरणारी, ती आमच्या आवाक्यात नाहीत. आणि इकडं मेटफॉर्मिन, १९५० च्या दशकापासून वापरात असलेली स्वस्तातली शुगरची (डायबेटिसची) गोळी, ती आतड्याची सूज उतरवते असं उंदरांवर दिसलंय. पेटंट संपलेल्या गोळीवर कंपनी कशाला पैसा घालेल? सरकारनंच मोठी ट्रायल घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

मिरजेचा मेडिकलवाला:
दादा, उंदराला लागू पडलं ते माणसाला पडतंच असं नाही. मेटफॉर्मिन सुरू केली की जुलाब लागले म्हणून काउंटरवर किती लोक परत येतात, मी रोज बघतो. ज्याला आधीच दिवसातनं धा वेळा जावं लागतंय त्याचा आजार उसळलाय का गोळीनं लागलंय, ओळखणार कसं? वर्षानुवर्षं घेतली की व्हिटॅमिन बी१२ पण कमी होतं, ते वेगळंच.

तासगावची ताई:
माणसांवर पण झालंय की. रोसिग्लिटाझोन, ती पण शुगरचीच गोळी. अमेरिकेतली ट्रायल २००८ ला छापून आली, कोलायटिसचे १०५ पेशंट, १२ आठवडे. गोळीवाल्या ४४ टक्के लोकांना फरक पडला, औषध नसलेली गोळी दिली त्यांच्यात २३ टक्के. आणि ती पेशीतल्या ज्या पीपीएआर-गॅमा रिसेप्टरवर (सूज आवरणारं पेशीतलं बटणच म्हणा) काम करते, त्याच्यावरच मेसालामाइन पण करतं.

मिरजेचा मेडिकलवाला:
आणि तीच रोसिग्लिटाझोन हार्टच्या धोक्यामुळं २०१० ला भारतात बंद केली, ते पण सांगा की ताई. आतडं सुधारायला जाऊन हृदय गेलं तर?

कृष्णाकाठ:
अहो तो धोका तरी कशातनं कळला, माणसांवरच्या अभ्यासातनंच ना? भावाला मी मनानं गोळी घेऊ देणार नाही, ते डॉक्टरच ठरवतील. पण स्टेरॉइडनं चढलेल्या शुगरला तसंही बऱ्याच जणांना मेटफॉर्मिन देतातच, मग त्या पेशंटांच्या आतड्याचं काय होतंय याची नीट नोंद ठेवायला कुणाची हरकत आहे?