अभियांत्रिकी आणि सामाजिक शास्त्रे यांच्या सीमेवरील पीएच.डी. : विषय, विभाग आणि पद्धत कशी ठरवावी?

मूळ प्रश्न

नमस्कार. माझे पदव्युत्तर शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीतील जलस्रोत शाखेत झाले असून, पाणीपुरवठ्याच्या नळजाळ्यातील गळतीची जागा दाबाच्या नोंदींवरून शोधणारे गणिती प्रारूप हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. ते काम करताना एक प्रश्न मनात घर करून बसला: गळती कोठे आहे हे ठाऊक झाल्यावरही ती दुरुस्त व्हायला इतका वेळ का लागतो? पीएच.डी. याच प्रश्नावर करावी अशी मनापासून इच्छा आहे.

मात्र पूर्वसंशोधन वाचायला घेतल्यापासून काय धरावे आणि काय सोडावे ते समजेनासे झाले आहे. गळतीवर हायड्रॉलिक्सच्या, म्हणजे पाण्याच्या प्रवाहाच्या शास्त्राच्या, अभ्यासकांचे निबंध आहेत, अर्थशास्त्रज्ञांचे आहेत, सार्वजनिक प्रशासनाचे आहेत आणि मानववंशशास्त्रज्ञांचेही आहेत. विषय एकच, पण त्यांचे पुरावे, त्यांची मांडणी आणि निबंधांची लांबीसुद्धा इतकी वेगळी, की हे लोक एकमेकांचे काही वाचतात की नाही अशी शंका येते. अशा विषयासाठी कोणत्या विभागात नाव नोंदवावे, कोणती संशोधनपद्धती शिकावी आणि वाचनाची सुरुवात कोठून करावी, याबद्दल जाणकारांनी सल्ला द्यावा ही विनंती.

प्रतिसाद १

आपला प्रश्न अस्सल आहे, तो सोडू नका. प्रत्येक विद्याशाखेत ‘उत्तर मिळाले’ असे केव्हा म्हणायचे याचे निकष निराळे असतात आणि आपल्याला जाणवणारी विविधता मुख्यतः तेथून येते. हायड्रॉलिक्सच्या निबंधात प्रारूपाचे अंदाज प्रत्यक्ष मोजमापांशी जुळले की काम पुरे झाले. अर्थशास्त्रज्ञ विचारतो, दुरुस्तीचा वेग वाढला तो नव्या धोरणामुळेच वाढला हे कशावरून, आणि त्यासाठी तो तुलनेचा गट शोधत राहतो. प्रशासनाचा अभ्यासक खर्चाला मंजुरी कोण देतो आणि ती कोठे अडते हे कागदोपत्री तपासतो, तर मानववंशशास्त्रज्ञ दुरुस्ती पथकाबरोबर दीर्घकाळ राहून कोणती गळती नोंदवहीत चढते आणि कोणती तशीच राहते ते टिपतो. यांपैकी कोणीही दुसऱ्याचे काम करत नाही, त्यामुळे एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजले तर दोघेही उणे वाटतात.

आपल्या विषयात तर ही फोड अभियंत्यांनीच आधी करून ठेवलेली आहे. गळती व्यवस्थापनात एखाद्या गळतीचे आयुष्य तीन टप्प्यांत मोजतात: गळती आहे हे कळेपर्यंतचा काळ, ती नेमकी कोठे आहे हे सापडेपर्यंतचा काळ आणि दुरुस्ती होईपर्यंतचा काळ. मध्यरात्रीनंतर, जेव्हा वापर सर्वांत कमी असतो, तेव्हा नळजाळ्याच्या त्या भागाच्या मीटरवरचा प्रवाह अपेक्षेपेक्षा जास्त दिसला की पहिला टप्पा संपतो. आवाजावरून किंवा दाबाच्या नोंदींवरून जागा सापडली की दुसरा संपतो. आपला प्रबंध या दुसऱ्या टप्प्यावर होता. तिसऱ्या टप्प्यात मात्र रस्ता खोदण्याची परवानगी, कंत्राट, सुटे भाग, पाळ्या आणि तक्रार कोणाकडून आली हे सगळे येते, आणि तेथे समीकरणे हाताशी असूनही पुरत नाहीत. वाहून जाणारे पाणी मात्र तिन्ही टप्प्यांच्या बेरजेवर ठरते. म्हणजे आपल्या नव्या प्रश्नाचे मोलही घनमीटरमध्येच मांडता येते, आणि अभियांत्रिकीच्या परीक्षकासमोर हा आपला मोठा आधार ठरेल.

या जातीच्या संशोधनाचा एक जुना आणि भक्कम नमुना आवर्जून वाचावा. एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश कोळसाखाणींवर एक निबंध प्रसिद्ध केला. बॅमफर्थ स्वतः पूर्वी खाणकामगार होते. यंत्रे येण्यापूर्वी लहान गट कोळसा तोडणे, भरणे आणि छताला आधार देणे ही सर्व कामे स्वतःच सांभाळत असत. कोळशाच्या लांबलचक भिंतीवर यंत्राने खोदाई सुरू झाल्यावर चाळीस-पन्नास माणसांत कामाचे तुकडे पडले आणि ती तीन पाळ्यांत वाटली गेली. एका पाळीने काम अर्धवट सोडले, की त्याचा भार पुढच्या पाळीवर पडे; ज्याच्याशी बोलून ते सुधारायचे तो मात्र तोवर घरी गेलेला असे. यंत्र चांगले असूनही अपेक्षित उत्पादन का मिळत नव्हते, याचे उत्तर त्यांनी यंत्रात किंवा कामगारांच्या स्वभावात न शोधता दोहोंच्या जुळणीत शोधले. ‘सामाजिक-तांत्रिक व्यवस्था’ ही विचारधारा तेथूनच रुजली. आपल्या दुरुस्ती पथकांचा प्रश्न या निबंधाचा सख्खा भाऊ आहे.

आता करण्याजोगी गोष्ट सांगतो. आपला प्रश्न एका वाक्यात लिहा आणि त्याखाली, कोणता पुरावा मिळाला तर आपले अपेक्षित उत्तर चुकीचे ठरेल, ते लिहा. हा दुसरा भाग लिहिता येत नसेल, तर विषय अजून कच्चा आहे. आणि तेथे आपण ज्या प्रकारचा पुरावा लिहाल, तीच आपली पद्धती.

प्रतिसाद २

वरील विवेचन उत्तम आहे, पण विभागाच्या प्रश्नावर मी अधिक सावध सल्ला देईन. नाव अभियांत्रिकी विभागातच नोंदवावे आणि सहमार्गदर्शक सामाजिक शास्त्रांतला घ्यावा. दोन्हींकडे निम्मे-निम्मे असलेल्या प्रबंधाला परीक्षक मिळणे कठीण जाते, आणि पुढे नोकरीच्या जाहिराती शेवटी एकेका विद्याशाखेच्याच नावाने निघतात. सीमेवर उभे राहण्यासाठी एक पाय कोठेतरी घट्ट रोवलेला हवा.

प्रकाशनाच्या रीतीही आधीच समजून घ्याव्यात, कारण येथे गैरसमज फार होतात. संगणकशास्त्रात नामांकित परिषदेतील निबंधाला नियतकालिकातील निबंधाइतका, कधी त्याहून अधिक मान असतो; इतिहास किंवा मानववंशशास्त्रात पुस्तकाला महत्त्व असते. अर्थशास्त्रात लेखकांची नावे बहुधा वर्णानुक्रमे छापतात, तर अभियांत्रिकीत पहिले नाव मुख्य काम करणाऱ्याचे असते आणि शेवटचे अनेकदा मार्गदर्शकाचे. दोन मार्गदर्शक दोन परंपरांतले असतील, तर कोणता निबंध कोठे आणि कोणाच्या नावांनी जाईल हे पहिल्याच वर्षी बोलून घ्यावे आणि लिहूनही ठेवावे. चांगले सहकार्य याच मुद्द्यावर विस्कटल्याचे मी पाहिले आहे.

प्रतिसाद ३

मी संशोधनपद्धती शिकवते, म्हणून तेवढ्याच मुद्द्यावर लिहिते.

अभियांत्रिकीतून येणारे बहुसंख्य विद्यार्थी शेवटच्या वर्षात एक प्रश्नावली जोडतात, तिला ‘सामाजिक घटक’ असे नाव देतात आणि पाच पर्यायांच्या उत्तरांची सरासरी काढतात. कृपया असे करू नका. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये अशी मापनपट्टी मांडली तेव्हापासून ती कशी घडवावी, तिची विश्वसनीयता कशी तपासावी आणि तिच्यातील आकड्यांवर कोणती गणिते करणे योग्य आहे, यावर विपुल लेखन झाले आहे. दाबमापकाचे अंशांकन (प्रमाणित मापाशी जुळवणी) न करता घेतलेली नोंद आपण स्वीकारणार नाही. प्रश्नावलीलाही तीच शिस्त लावावी.

आकड्यांच्या अभ्यासांनाही आंधळेपणाने मान देऊ नये. मानसशास्त्रातील १०० प्रयोगांची पुनरावृत्ती करणाऱ्या २०१५ मधील संयुक्त प्रकल्पात मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न येणारे, निष्कर्ष होते, पण पुनरावृत्तीत ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. त्यानंतर गृहीतक आणि विश्लेषणाचा आराखडा आधीच नोंदवून ठेवण्याच्या पद्धतीने मोठा जोर धरला. ही सवय अभियांत्रिकीतही यायला हवी असे मला तळमळीने वाटते.

आपल्या अभ्यासात मुलाखती अपरिहार्य आहेत, तेव्हा संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या नीती समितीची मंजुरी घेतल्याशिवाय एकही मुलाखत घेऊ नका. माणसांवरील संशोधनासाठी अमेरिकेतील १९७९ च्या बेलमाँट अहवालाने व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वे मांडली, आणि आपल्याकडे ती अगदी व्यावहारिक रूपात समोर येतील. पथकात सहाच माणसे असतील, तर ‘एका ज्येष्ठ जोडाऱ्याने सांगितले’ एवढे लिहिले तरी त्याचा वरिष्ठ त्याला ओळखेल. नाव गाळणे पुरेसे नसते. हुद्दा, पाळी, ठिकाण यांपैकी काय उघड करायचे हे आधी ठरवावे लागते.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन टप्प्यांच्या फोडीमुळे माझा प्रश्न आता असा झाला आहे: ‘जागा निश्चित झालेल्या गळतींपैकी काहींची दुरुस्ती लवकर आणि काहींची उशिरा होते, हा फरक गळतीच्या आकारमानाने किती समजतो आणि कामाच्या रचनेने किती?’ आकारमानानेच बहुतेक फरक समजला, तर माझी अपेक्षा चुकीची ठरेल. कामाच्या आदेशांच्या नोंदी मिळण्याची शक्यता आहे. त्या पुरतील का, आणि मुलाखतींपूर्वी आणखी काय वाचावे?

प्रतिसाद १

आता प्रश्न पीएच.डी.च्या आवाक्यात आला. नोंदींपासूनच सुरुवात करा, मात्र त्या कोण, केव्हा आणि कशासाठी भरतो हे आधी पाहा. ‘काम पूर्ण’ ही तारीख दुरुस्तीची आहे की बिल मंजूर झाल्याची, एवढ्या एका बाबीवर सारे विश्लेषण उलटू शकते. नोंदींतून जी कामे अनपेक्षितपणे लवकर किंवा उशिरा झाली असे दिसेल, तीच मुलाखतींसाठी निवडा. म्हणजे आकडे आणि मुलाखती एकमेकांना खरोखर उपयोगी पडतील.

वाचनासाठी दोन नावे सुचवतो. समाजशास्त्रज्ञ डायेन व्हॉन यांनी अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाच्या २८ जानेवारी १९८६ च्या दुर्घटनेवर केलेला अभ्यास १९९६ मध्ये पुस्तकरूपाने आला. कोणीतरी जाणूनबुजून नियम मोडले असे मानून त्यांनी सुरुवात केली आणि हजारो पानांची कागदपत्रे वाचता वाचता वेगळ्याच निष्कर्षापर्यंत त्या पोहोचल्या: रॉकेटचे सांधे बंद करणाऱ्या रबरी कड्यांची झीज उड्डाणागणिक थोडी थोडी स्वीकारली गेली आणि जोखमीचे नेहमीचे रूप बनली. तांत्रिक कागदपत्रे सामाजिक पुरावा म्हणून कशी वाचावीत, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

दुसरे नाव एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे. त्या राज्यशास्त्राच्या अभ्यासक होत्या आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळमधील सिंचन योजनांची तुलना केली. काँक्रीटचे पक्के बंधारे असलेल्या सरकारी योजनांपेक्षा, साधी बांधकामे असलेल्या पण शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेल्या अनेक योजनांत कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पाणी अधिक चांगले पोहोचत होते. त्यांनी बांधकामाचा दर्जा आणि व्यवस्थापनाचे नियम हे दोन्ही घटक एकाच विदासंचात (माहितीच्या तक्त्यात) नोंदवले होते, म्हणून हा निष्कर्ष काढता आला. आपल्या तक्त्यात गळतीचा प्रवाह, दाब आणि नळाचा व्यास यांच्या रांगेतच परवानगीचे टप्पे, पथकातील माणसे आणि पाळी हे रकाने पहिल्या दिवसापासून असू द्या.

प्रतिसाद ३

एक भर घालते. संपूर्ण नोंदी मागण्यापूर्वी पाणीपुरवठ्याच्या एका विभागाच्या थोड्या नोंदी घेऊन, त्यांतील काही कामांच्या तारखा पथकप्रमुखासमोर बसून पडताळून पाहा. त्या पडताळणीत जे हाती येईल ते संशोधन-आराखड्यात जोडा. आराखडा तपासणारी समिती सर्वाधिक प्रश्न तेथेच विचारेल.