बंदूक हातात असूनही भीती वाटते, ती का?

"भीतीदायक व्हिडिओ गेममध्ये हातात बंदूक आली की भीती संपते" असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. २००५चा 'फिअर' (F.E.A.R.) हा गोळीबाराचा भयगेम आठवा. त्यातले सैनिक कितीही हुशार असले, तरी स्लो मोशन वापरून त्यांना लोळवता येतं. आपण जिंकत असतो, आत्मविश्वास वाढत असतो. आणि मग तो शिडीचा प्रसंग. शिडी उतरायची म्हणून आपण पाठमोरे वळतो, त्याच क्षणी समोर आल्मा, ती भुतासारखी लहान मुलगी! दोन्ही हात शिडीला, बंदूक खाली गेलेली. शिडी उतरायला वळावंच लागतं, म्हणजे तुम्ही कुठे बघणार हे गेम बनवणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं. मी तिथे हेडफोन काढून ठेवले होते.

त्या मुलीवर गोळी झाडून काही होत नाही, हे फार महत्त्वाचं. जे मारता येतं त्याची भीती हळूहळू मरतेच.

'डूम ३' या दुसऱ्या भयगेममध्ये (२००४) टॉर्च धरली की बंदूक धरता येत नसे. लोक वैतागले, पुढे २०१२च्या आवृत्तीत टॉर्च चिलखतावर बसवली. खेळणं सोपं झालं खरं, पण अंधाराची धार गेली. बघायचं की लढायचं, ही निवडच तर घाबरवत होती.

आवाजाबद्दल कोणी फारसं बोलत नाही, याचं आश्चर्य वाटतं. 'फिअर'मध्ये रिकाम्या ऑफिसातून चालताना रेडिओवर नुसती खरखर सुरू झाली, की माझं बोट आपोआप ट्रिगरवर जायचं. समोर कोणीही नसताना.